पुराच्या मदतीत खरंच कामाला आलं काय? २०१९, २०२१ वाल्यांनी सांगा

टेकडीवरचा

सगळ्यांना सलाम. मृग लागलाय, पाऊस अजून धरलेला नाही, तोवर हे विचारून घेतो. गेल्या रविवारी उपासनेनंतर आमच्या मंडळीत (चर्चला आम्ही मंडळी म्हणतो) पुराच्या तयारीची बैठक झाली आणि पाळकसाहेबांनी तरुण संघाची सगळी जबाबदारी माझ्यावर टाकली. २०१९ ला मी कॉलेजात होतो, २०२१ ला नुकता नोकरीला लागलेलो. दोन्ही वेळा मदतीत होतो पण तेव्हा मोठी माणसं सांगतील ते उचलायचं आणि पोचवायचं एवढंच काम. आता ठरवायचं मी आहे म्हणून झोप लागेना झालीय.

आधी आमचं काय चुकलं ते सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात पहिल्याच आठवड्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटाच्या वर गेलं. ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका हे कोल्हापुरात लहान पोरालापण पाठ असतं, पण ५५ म्हणजे काय हे कुणाला माहीत होतं? हायवे शिरोलीजवळ बंद, पेट्रोल नाही, दूध नाही, शिंगणापूर बालिंग्याचे पंप पाण्यात म्हणून शहरभर नळाला थेंब नाही. त्यात आम्ही पहिले दिवस खिचडी केली, ती बरोबरच होती. हायवे सुटला आणि बाहेरनं ट्रक यायला लागले तिथनं घोळ झाला. पुण्याच्या, मुंबईच्या, नगरच्या मंडळ्यांनी जीव लावून कपडे पाठवले. हॉलमध्ये ढीग खिडकीच्या वर गेला. ओले, फाटके, लग्नातले जरीचे, लहान पोरांचे एकेकटे मोजे. आम्ही बारा जण चार दिवस ते निवडत बसलो आणि त्याच चार दिवसात खाली लोक घरातला गाळ हातानं काढत होते.

तेव्हा एक मावशी हॉलमध्ये आल्या, सुतारवाड्यातल्या. साड्यांची रास दाखवली तर बघितलंपण नाही. म्हणाल्या, "बाळा, खोरं हाय का एखादं? आमचं वाहून गेलंय, शेजारीण देत न्हाई, तिलाच पायजे." आमच्याकडं एवढा माल, आणि खोरं एकपण नव्हतं. त्या तशाच परत गेल्या. कोपरापर्यंत सुकलेला चिखल, चप्पल नाही. आज इतकी वर्षं झाली तरी ते डोळ्यापुढनं जात नाही.

म्हणून विचारतोय. तुमच्या घरात पाणी आलं तेव्हा कुणी आणलेली कुठली वस्तू कामाला आली, कधी आली, आणि काय आलं नाही? कुणाला कायच मिळालं नाही? मोकळेपणानं सांगा, आमच्याबद्दल तक्रार असली तरी सांगा.

चिखलीकर

भावा पहिलं जनावराचं लिहून घे. आमचं गाव प्रयागाच्या तोंडावर, कासारी कुंभी तुळशी भोगावती सगळ्या आमच्या शिवारात एकत्र येत्यात, शहरात लोक शिवाजी पुलावर मच्छिंद्री झाली का (म्हंजी पुलाच्या खुणेपतूर पाणी चढलं का) बघायला जात्यात तवर आमच्या घरात पाणी आलेलं असतंय. दरवेळी टीव्हीवाले म्हणत्यात लोक गाव सोडाय तयार न्हाईत. कसं सोडणार, दावणीला म्हशी हायत. गाभण म्हस सोडून बोटीत कोण बसंल? सोनतळीला जागा हाय पण तिथं जनावर न्यायचं तर ट्रॅक्टर लागतोय, आणि नेलं तर वैरण कुठली? ऊस पाण्याखाली, गवत कुजल्यालं. २०१९ ला माणसाला पाच ठिकाणी जेवाण मिळत हुतं, म्हशीला पेंढीभर कडबा मिळत नव्हता. पोटात कळ आल्यागत हंबरायच्या राती.

तवा तुमच्यापैकीच कुठल्या तरी चर्चच्या लोकांनी मंगळवेढ्याकडनं कडब्याचे दोन टेम्पो आणले. तिकडं दुष्काळ असून तिकडच्या लोकांनी दिला बघा. नाव बी सांगितलं न्हाई धड. पेंढ्या उतरल्या, कुणाची किती जनावरं ते पोलीस पाटलाला विचारून वाटलं आन गेले. त्या कडब्यावर आमच्या चार म्हशी तगल्या. दूध चालू ऱ्हायलं म्हणून पुढं घर चाललं. मला त्यांना चा पाजायचा ऱ्हायला हे अजून मनात हाय.

राजारामपुरी_९वी

आमच्याकडं पाणी येत नाही पण नातेवाईक येतात, दोन्ही वेळी घरात १७ माणसं होती. अशा घरांची नोंद कुठंच नसते. गॅस सिलेंडर चार दिवसात संपतो आणि मागायला लाज वाटते. एवढंच सांगायचं होतं.

बापटकॅम्प_मूर्तीवाला

मी लिहू का नको विचार करत होतो, पण तुम्ही मोकळेपणानं म्हणलाय म्हणून लिहितो. आमचा धंदा गणपतीचा. २०१९ ला चतुर्थी २ सप्टेंबरला होती आणि पाणी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आलं. म्हणजे माल पूर्ण तयार, निम्म्याचं रंगकाम झालेलं, गिऱ्हाईकाचे ॲडव्हान्स घेऊन त्यात रंग आणि कच्चा माल आणलेला. रात्री अकराला पाणी दारात, पहाटे चारला कंबरेला. आम्ही मूर्ती माळ्यावर चढवत होतो, माझा बाप सत्तरीचा, पाण्यात उभा राहून हातात देत होता. शेवटी पोरांना घेऊन निघालो. दहा-बारा दिवसांनी परत आलो तर शाडूच्या होत्या तिथं नुसता गाळ, कुठला नदीचा आणि कुठला मूर्तीचा ते ओळखू येत नव्हतं. प्लास्टरच्या एकमेकावर पडून फुटलेल्या. १४० पैकी ३८ शिल्लक, त्यांचाही रंग गेलेला. रंगाचा कंप्रेसर पाण्यात बसून मोटर जळालेली.

मदत येत होती. तांदूळ आला, बिस्किट आलं, पाण्याच्या बाटल्या आल्या, फोटो काढून गेले. एका संस्थेनं तर माझ्या बापाच्या हातात बॅनरचं टोक धरायला दिलं. तो माणूस सरळ होता, त्यानं धरलं. मला ते बघवलं नाही.

मग चर्चची तीन पोरं आणि एक मुलगी आली, हातात साधी वही. बाकीचे सगळे विचारायचे काय पाहिजे. काय पाहिजे म्हणल्यावर माणूस काय सांगणार, जे द्याल ते. यांनी विचारलं, तुमचं काय काय गेलं ते सांगा. मी सांगत गेलो, ती मुलगी लिहीत गेली. शेवटी म्हणाली, यातलं एक काय परत आलं तर तुम्ही पुढचं तुमचं बघू शकाल? मी बराच वेळ गप्प बसलो. ते चर्चचे, आमचं काम देवाच्या मूर्तीचं. भीत भीतच म्हणलं की कंप्रेसर चालू झाला आणि दहा-बारा डबे रंग मिळाला तर ३८ तरी देता येतील, बाकीच्यांचे पैसे पुढच्या वर्षी फेडतो. तुम्हाला चालत नसेल तर राहू दे, राग नाही. ती म्हणाली विचारून सांगते.

चौथ्या दिवशी मोटर उद्यमनगरात रिवाइंडिंग करून आली. रंगाचे डबे आले, मी सांगितलेल्याच कंपनीचे, त्यात सोनेरीचे दोन जास्त. त्यातला एक पोरगा दोन दिवस माझ्या बापाशेजारी बसून मूर्ती पॉलिश पेपरनं घासत होता. बाप त्याला म्हणला कानाजवळ हळू, तिथं पातळ असतं, तो मान खाली घालून हळू घासायचा. ३८ च्या ३८ गेल्या. तेवढ्यावर सावकाराचा हप्ता चुकला नाही. बाप गेला गेल्या वर्षी. शेवटपर्यंत विचारायचा, तो पोरगा दिसतो का रे कधी.

टेकडीवरचा

दादा, हात थरथरतोय हे टाईप करताना. घासत बसलेला मी नव्हे, पण तो आमच्यातलाच, आता पुण्यात असतो, त्याला तुमचं लिहिलेलं आत्ता फोनवर वाचून दाखवलं, बोलताच आलं नाही त्याला.

आणि त्या रंगावरनं आमच्यात काय झालं तेपण सांगतो, कारण नव्या पोरांना हे कळायला पाहिजे. तुमची यादी वाचल्यावर मंडळीतल्या एका वडिलांनी साफ नाही म्हणलं. (आमच्यात वडील म्हणजे पंचमंडळातले ज्येष्ठ.) त्यांचं म्हणणं, अर्पणाच्या थैलीतला पैसा मूर्तीच्या रंगाला देणं माझ्या विवेकाला पटत नाही, तांदूळ द्या, पोरांची फी भरा, रंग नको. माणूस वाईट नव्हे. पुरात स्वतः पाठीवरनं म्हातारी माणसं काढलेली त्यांनी. मग एक आजी उठल्या, मिशन दवाखान्यात सगळी नोकरी काढलेल्या नर्स. त्या म्हणाल्या, चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण पोरांना संडे स्कूलमध्ये शिकवतो, रस्त्यात पडलेल्याला त्यानं तू कुठल्या डोंगरावर भक्ती करतोस असं विचारलं का? यहुदी आणि शोमरोनी यांचं भांडणच तर त्या डोंगरावरनं होतं. त्यानं जखमेवर तेल घातलं, खाणावळीचे पैसे दिले आणि गेला. या माणसाची जखम कर्जाची आहे, तिथं तांदूळ लावून काय उपयोग.

हॉलमध्ये कुणी बोलेना. वडिलांचं मत काय बदललं नाही. पण दुसऱ्या दिवशी रिवाइंडिंगचं बिल त्यांनी स्वतःच्या पेन्शनमधनं भरलं. म्हणाले थैलीतनं नको, हे माझे. ते सोनेरीचे दोन डबे जास्त कुणी घेतले ते मात्र आजपर्यंत आम्हाला कळलेलं नाही.

रोखठोक_करवीर

वाचून बरं वाटलं, तरीपण एक विचारतो, राग मानू नका. आमच्या पाहुण्यांच्या गावात २०२१ ला जे किट वाटलं त्यात साबण, मेणबत्ती, चादर आणि त्याखाली धर्माची पुस्तिका. वर संध्याकाळी प्रार्थनेला या असं निमंत्रण. घर पडलेला माणूस नाही म्हणू शकतो का? लोकांनी घेतलं, पण गावात नंतर त्यावरनं भांडणं झाली, आणि ज्यांनी घेतलं त्यांना चार लोकांत बोलणी खावी लागली. चर्चची मदत म्हणलं की लोकांच्या मनात शंका येते ती उगाच येत नाही.

टेकडीवरचा

राग कशाला, तुम्ही म्हणता ते झालेलं आहे आणि ते चूक आहे. आमच्या मंडळीनं ते केलेलं नाही पण आमच्या धर्माच्या नावानं झालं, म्हणजे ते आम्हाला उत्तर द्यायला लागणारच. मी तर म्हणतो चिखलात उभ्या असलेल्या माणसापुढं पुस्तक धरणं हा त्या पुस्तकाचापण अपमान आहे. रेड क्रॉस आणि आपत्तीत काम करणाऱ्या मोठ्या संस्थांची १९९४ ची आचारसंहिता आहे, ती ठरवताना ख्रिस्ती संस्थापण सोबत होत्या. तिच्यात स्वच्छ म्हणलंय की मदत गरज बघून द्यायची, जात धर्म वंश बघून नाही, आणि मदतीचा वापर कुठलंही राजकीय किंवा धार्मिक मत पुढं रेटायला करायचा नाही. आमच्या पोरांना आम्ही ही दोन वाक्यं मराठीत लिहून देतो. प्रार्थना आम्ही करतो, सकाळी निघायच्या आधी, आमच्या हॉलमध्ये, आमच्यासाठी.

आणि अजून एक. ही शंका आजची नव्हे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातनं अनाथ मुली आणि विधवा केडगावला आणल्या, त्यांना जगवलं, शिकवलं, तेव्हापण हाच प्रश्न लोकांनी विचारला होता. कोल्हापुरात वाइल्डरसाहेब १८५२ ला आले तेव्हापासनं आमच्या लोकांनी हा प्रश्न ऐकलाय. त्याला तोंडानं उत्तर देऊन उपयोग नाही. तुम्ही आमच्याबरोबर यादी करायला या. खरंच म्हणतोय. तुमच्या ओळखीची तालीम असेल तर त्यांचा एक माणूस आणि आमचा एक, असं जोडीनं घरोघर जाऊ.

मिरजेची_सिस्टर

मी निवृत्त परिचारिका, मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ ला सुरू केलेल्या दवाखान्याच्या सावलीतच वाढले म्हणा ना. औषधाचं सांगते.

पाणी असताना आजार कमी दिसतात, पाणी उतरलं की आठ-दहा दिवसांनी सुरू होतात. सगळ्यात जास्त भीती लेप्टोची. उंदराच्या, जनावराच्या लघवीतनं तो जंतू गाळात येतो आणि पायाच्या भेगेतनं, खरचटलेल्या जागेतनं आत जातो. गाळ काढायला जाणाऱ्या प्रत्येकाच्या पायात गमबूट आणि हातात रबरी मोजे पाहिजेतच, तुमच्या पोरांच्यापण. ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले की वाट बघायची नाही, त्याच दिवशी सरकारी दवाखाना. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या प्रतिबंधासाठी देतात पण त्या डॉक्टरांनीच द्यायच्या, तुम्ही किटमध्ये घालून वाटू नका, गरोदर बाईला आणि लहान मुलाला त्या चालत नाहीत.

दुसरं, बीपी शुगरवाले लोक. २०१९ ला माझ्याकडं एक आजोबा आले, नऊ दिवस इन्सुलिन नाही, चिठ्ठी वाहून गेलेली, गोळीचं नाव माहीत नाही, पांढरी गोल एवढंच सांगत होते. तेव्हापासनं मी सगळ्यांना सांगते, आत्ता जूनमध्येच गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या औषधाच्या चिठ्ठीचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. याला एक रुपया लागत नाही.

आणि पाणी. माणसाला दिवसाला किमान १५ लिटर लागतं, पिणं, रांधणं, अंग धुणं सगळं धरून. तुम्ही एक लिटरच्या बाटल्या वाटता त्यानं तहान भागते, चिखल धुतला जात नाही. टँकर बघा.

घालवाडची_सून

मला शिरोळचं लिहायचंय कारण सगळी चर्चा कोल्हापूर शहराचीच होते. शहरातलं पाणी उतरतं तेव्हा ते आमच्याकडं येतं. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, कृष्णा भरलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकतच नाही, मागं फुगतं. आलमट्टी धरणाचा वाद मोठ्या माणसांनी घालावा, आम्हाला एवढंच माहिती की पाणी येतं पळत आणि जातं रांगत. टीव्हीवाले शहरातनं गेले तरी आमच्या घरात गुडघाभर होतं. म्हणजे मदतीची लाट ओसरल्यावर आमची पाळी.

शाळेत छावणी होती. २०० माणसांना दोन संडास. बायकांनी काय केलं असेल विचार करा. आम्ही दिवसा पाणी प्यायचं सोडलं होतं की अंधार पडल्याशिवाय जायला लागू नये. माझी नणंद सात महिन्याची, तिला त्यातनंच लघवीचा त्रास सुरू झाला. चर्चकडनं ज्या दोघी सिस्टर आल्या त्यांनी आल्या आल्या गड्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि आमच्यात बसल्या. हळूच विचारलं पाळीचं काय करताय. कुणी विचारलंच नव्हतं ओ तोपर्यंत. सरपंचानं नाही, तलाठ्यानं नाही, एवढी भाषणं केली त्यांनी नाही. दुसऱ्या दिवशी पॅड, आतले कपडे, दोन बादल्या, एक टॉर्च, आणि ताडपत्रीचा आडोसा करून अंघोळीला जागा. आडोसा झाला त्या दिवशी मी नऊ दिवसांनी केसावरनं पाणी घेतलं. मी रडत होते, शेजारची पण रडत होती, पाण्यात कळत नव्हतं.

आणि कुणाला मिळालं नाही विचारलाय तर लिहून घ्या. भाड्यानं राहणारी माणसं. सरकारनं २०१९ ला सानुग्रह दिलं, गावात १०,००० आणि शहरात १५,०००, पण नाव लागणार कुणाचं? घरमालकाचं. भाडेकरूची भांडी गेली, पोरांची दप्तरं गेली, आणि पंचनाम्यात तो नाहीच. तसंच दोन दिवस घर पाण्यात असेल तरच धान्य, असा नियम निघाला होता, त्यावर किती गदारोळ झाला आठवत असेल. वीटभट्टीवरची माणसं, पाल टाकून राहणारी, नवऱ्यापासनं वेगळी राहणारी बाई जिचं नाव अजून सासरच्या रेशनकार्डावर आहे. या लोकांकडं कागदच नसतो. कागद मागणारी मदत त्यांच्यापर्यंत जाणार नाही.

टेकडीवरचा

ताई, तुमचं लिहिलेलं मी आमच्या महिला मंडळाला वाचून दाखवणार आहे, तुमची परवानगी असेल तर. पॅड आणि आडोशाच्या ताडपत्र्या पहिल्या गाडीत जातील, शेवटच्या नाही, शब्द देतो.

घालवाडची_सून

वाचा की. नाव नाही माझं त्यात.

हिशेबनीस_उद्यमनगर

मी ट्रस्टचे हिशोब बघतो, त्यात तीन-चार ख्रिस्ती संस्थापण आहेत, त्यामुळं पैशाचं जरा बोलतो. रटाळ वाटेल पण याच ठिकाणी चांगली माणसं अडकतात.

लोकांना वाटतं चर्च म्हणजे परदेशातनं पैसा येतोच. बहुतेक मंडळ्यांकडं विदेशी निधी घ्यायची नोंदणीच नसते, त्यांचा खर्च रविवारच्या थैलीवर चालतो. मोठ्या संस्था वेगळ्या. चर्चेस ऑक्झिलरी फॉर सोशल ॲक्शन म्हणजे कासा, ती १९४७ ला फाळणीच्या निर्वासितांसाठी उभी राहिली. कॅथलिकांची कॅरिटास इंडिया १९६२ ची. पूर्वी अशी मोठी संस्था तिच्याकडचा विदेशी निधी गावातल्या छोट्या नोंदणीकृत संस्थेकडं वळवायची, आणि ज्यांना गल्ली माहीत आहे ते वाटप करायचे. २०२० ला कायद्यात दुरुस्ती झाली, आता विदेशी निधी एका संस्थेनं दुसरीला द्यायचाच नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरनं २० वर. त्याचा परिणाम २०२१ च्या पुरात जाणवला. पैसा आहे तिथं गल्ली माहीत नाही, गल्ली माहीत आहे तिथं पैसा नाही.

म्हणून टेकडीवरच्या भावा, तुझ्या मंडळीनं पैसा इथलाच जमवावा. आणि हे नीट ऐक, कुणाचा मामा अमेरिकेत असेल आणि त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर त्यानं पाठवलेले १०० डॉलर पण विदेशी निधीच धरतात, नातं बघत नाहीत. भारतीय पासपोर्टवाला असेल आणि स्वतःच्या कमाईतनं देत असेल तर ते त्यात येत नाही. विचारून मगच घ्या. रोख घेतलेल्या प्रत्येकाला पावती, दहा रुपये असले तरी. २,००० च्या वर रोख दिलं तर देणाऱ्याला देणगीवरची (८०जी ची) करसवलत मिळत नाही हे आधीच सांगा, नंतर लोक चिडतात. खर्चाचा कागद हॉलच्या दारावर लावा, बाहेरच्या बाजूला, येणाऱ्या जाणाऱ्याला वाचता येईल असा.

रोखठोक_करवीर

दारावर बाहेरनं कागद, हे पटलं. आमच्या तालमीत बोललो रात्री. दोघं तयार आहेत यादीला यायला, मी तिसरा. २०१९ ला आमची तालीम चित्रदुर्ग मठात जेवण वाढायला होती त्यामुळं सुतारवाड्यातली घरं आम्हाला तोंडपाठ आहेत, कुठं म्हातारं एकटं राहतं, कुठं भाडेकरू आहेत. किटमध्ये पुस्तक दिसलं तर मी तिथंच बोलणार हे आत्ताच सांगतो.

टेकडीवरचा

बोलाच. तुमच्या आधी मी बोलेन.

चिखलीकर

मुस्लिम बोर्डिंगच्या लोकांना बी घ्या रं, त्यांचं दोन्ही पुरात लई काम हाय. शाहू महाराजांनी सगळ्यांची बोर्डिंगं काढली ती काय येगयेगळं बसाय न्हाई.

राजारामपुरी_९वी

यादी करताना आमच्यासारख्या घरांना पण विचारा की पाहुणे किती आलेत. किट नको, सिलेंडर आणि एक पोतं तांदूळ, रात्री गुपचूप ठेवलं तरी चालेल.

टेकडीवरचा

काल बैठक झाली, तीन तास चालली. सगळं तुमचंच वाचून दाखवलं. काय ठरलं ते लिहितो.

जुने कपडे यावेळी घ्यायचे नाहीत, तसं सगळ्या मंडळ्यांना आजच पत्र गेलं. नगरच्या एका मंडळीतनं लगेच फोन आला, मग काय पाठवू? मी म्हणलं गमबूट, सात नंबर ते दहा नंबर. महिला मंडळानं पॅड, आडोशाचं कापड आणि टॉर्च स्वतःकडं घेतलंय, त्यात आम्ही पोरांनी लुडबुड करायची नाही असं सांगितलंय. गोळ्यांच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढायला या शनिवारपासनं दोघं दोघं जाणार. कडब्याचं बोलणं चालू आहे, पावसाच्या आधी उंचावर कुठं ठेवायचा ते चिखलीकर दादा बघतायत. वहीत आधार नंबरचा रकाना ठेवलेला नाही. "काय गेलं" हा पहिला रकाना, आणि शेवटचा, "एक काय परत आलं तर पुढचं बघता येईल".

आणि सगळे पैसे किटमध्ये संपवायचे नाहीत. निम्मे बाजूला, पाणी उतरल्यावर महिन्यानं काढायचे. शिलाई मशीन, हातगाडी, कंप्रेसर, दहावीच्या पोरांची पुस्तकं, जे निघेल ते. यावर परत वाद झाला, लोक म्हणाले आत्ता भुकेले आहेत आणि तुम्ही पैसे राखून ठेवणार का. तेव्हा तेच वडील उठले ज्यांनी रंगाला नाही म्हणलं होतं. आता काठी घेऊन चालतात. म्हणाले, पहिल्या आठवड्यात गाव येतं, महिन्यानं कोण येतं? ठेवा बाजूला. बसले.

खोरी ६० आणि घमेली ४० असं लिहिलंय यादीत. एवढी लागतील का कमी पडतील याचा अंदाज येत नाही. गल्लीला किती धरू?

बापटकॅम्प_मूर्तीवाला

चार घरांना एक खोरं पुरतं, पण दांडे चांगले घ्या, बाजारातले कच्च्या लाकडाचे असतात, ओला गाळ उचलला की पहिल्या दिवशी मोडतात. बाभळीचे बघा. मी येतो निवडायला, मला लाकूड कळतं. आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीला दोन जास्त धरा, तिथं गाळ भिंतीला धरून बसतो.

चिखलीकर

ट्रॅक्टर माझा. डिझेल बी माझं. कवा यायचं तेवढं सांग, आन येताना हॉलमधी चा मी करणार, ऱ्हायलाय तो.